डोक्यावर माती नको

घर बघायला येणारे आधी भिंतीवर हात ठेवतात आणि विचारतात, "एसी नाही, तरी एवढं गार कसं?" चहा होईपर्यंत खरा प्रश्न बाहेर येतो. "किल्लारी इथून कितीशी लांब, अन् तुम्ही मातीचं घर बांधलंत?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून माणसं गाढ झोपलेली. आमच्या औसा तालुक्यातल्या घराचे दोन खण खाली आले. मी ओसरीवर होतो, म्हणून वाचलो. पुढे सगळ्यांनी मातीलाच दोषी धरलं आणि पत्र्या-सिमेंटच्या खोल्या आल्या. पण दोष ओझ्याचा होता. गळू नये म्हणून दर मृगाआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना काढायचं कुणाच्या मनात येत नसे. पणज्यापासूनचे थर साठून छत दोन-दोन फूट जाड झालेलं. खाली दगडाच्या भिंती; आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत न गुंतवलेला, मध्ये चिखल आणि खपल्या. हादऱ्यासरशी त्या पोट फुटल्यागत उकलल्या.

त्यामुळे नवं घर बांधताना आईची अट एकच होती. "भित कशाची बी कर, डोक्यावर माती नगं."

मग काळी माती उकरून पाया मुरमापर्यंत नेला, कारण काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पांढरी माती, वाळू आणि थोडं सिमेंट दाबून केलेल्या विटा, भिंत दीड फूट. जोत्यावर, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे. मातीच्या घरांसाठीचं भूकंपाचं भारतीय मानक, आयएस १३८२७, तेही १९९३चंच. छताला मंगलोरी कौलं, खाली फळ्या, मध्ये वीतभर पोकळी. एका बँकेने 'कच्चं घर' म्हणून कर्ज नाकारलं, ते असो.

आता गारव्याचं. थंड देशांत दक्षिणेला मोठी काच लावून ऊन घरात साठवतात. आपल्याला ते बाहेर ठेवायचंय. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा ऊन जवळजवळ लागतच नाही. मार्च-एप्रिलचं ऊन दोन फुटांचा छज्जा अडवतो. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांपर्यंतच चढतो, तेच ऊन छज्ज्याखालून शहाबादी फरशीवर येतं. वैरी पश्चिमेचा. तिकडे खिडकी नाही, न्हाणी आणि कोठीची खोली आहे. भिंतीत शिरलेली उष्णता आत पोचायला आठ-दहा तास घेते. तोवर रात्र होते, खिडक्या सताड उघडायच्या. सकाळी आठला बंद. पाहुणे दुपारी "जरा वारं येऊ द्या" म्हणून उघडतात, तेव्हा मला दात-ओठ खावे लागतात. मे महिन्यात बाहेर ४२ असताना आत ३३ असतं. पंखा लागतोच, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची भिंत गुडघाभर उंचीपर्यंत खरवडली गेली. वळचण फूटभरच ठेवली होती. चूक गवंड्याची नाही, माझी. आता ती तीन फूट आहे, आणि दिवाळीनंतर लिंपण करावंच लागतं.

आई उन्हाळ्यातली दुपार आतल्या खोलीत काढते. रात्री मात्र अजून पडवीतच झोपते.