खूण सांगा

आळंदीहून निघाल्यापासून आबांचा मग माझ्या पिशवीला बाहेरून बांधलेला होता. जर्मनचा, जागोजागी पोचे आलेला, बुडाला खिळ्याने कोरलेला त्यांचा पलटणीतला नंबर. आबा फाल्गुनात गेले. त्यांच्याविना ही माझी पहिलीच वारी.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतले. १९७१ ला बांगलादेशच्या युद्धात, ब्रह्मपुत्रेकाठच्या जमालपूरच्या लढाईत होते. पेन्शनीत आले आणि वारीला लागले, ते शेवटपर्यंत. आमचं गाव साताऱ्याकडचं, हैबतबाबांच्या आरफळपासून फार लांब नाही. शिंद्यांच्या पदरी सरदार असलेल्या हैबतबाबांनी माऊलींच्या सोहळ्याला ही शिस्त लावली, हे सांगताना आबांचा ऊर भरून यायचा. "पहाटे कर्णा वाजला की एवढा समाज चालायला लागतो बघ. हे फौजीचंच काम."

मी बारा वर्षांची असताना त्यांनी मला पहिल्यांदा नेलं. दिवे घाट चढून सासवडला पोचेपर्यंत टाचेला करवंदाएवढा फोड आला होता. "पाय बघू," आबा म्हणाले. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय धुतला, सुई काडीच्या जाळावर धरली, दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. "पाणी दोऱ्यावाटे निथळतं. कातडी सोलायची नाही." मग दुसरा पाय मांडीवर. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून खोबरेल लावलं. पलटणीत पाय तपासायचे तसेच ते रोज मुक्कामाला माझे पाय तपासत. साठी उलटलेला गडी नातीचे पाय मांडीवर घेऊन बसलाय म्हणून दिंडीतल्या बाया कौतुकाने हसायच्या. माझे आबा होते ते.

यंदा वाल्ह्याहून नीरेला आलो. माऊलींच्या पादुकांना स्नान झालं. इथे आले की आबांना ब्रह्मपुत्रा आठवायचीच. डिसेंबरातली थंडी, नदीपलीकडे शत्रू, ओठांवर शिवाजी महाराजांचं नाव. लढाई ते दोन वाक्यांत संपवायचे आणि परत न आलेल्या सोबत्यांची नावं मात्र एकेक करून घ्यायचे. मीही आबांचं नाव घेतलं, मगाने पाणी डोळ्यांना लावलं.

लोणंदच्या वाटेवर हात मागे गेला, तर पिशवीला नुसती दोरी. मी रस्त्याकडेला बसून रडले. दिंडीतल्या माई म्हणाल्या, "ऊठ पोरी. संध्याकाळी समाजआरतीला पुकारा होतो."

तळावर पालखी आली. टाळांचा कल्लोळ चालला होता. चोपदारांनी दंड उंचावला आणि सगळा गजर एकदम थांबला. या क्षणाला आबा सावधान उभे राहायचे. माझ्याही टाचा आपोआप जुळल्या. हरवल्या-सापडल्याचा पुकारा सुरू झाला. एक पिशवी. एक चष्मा. "एक जर्मनचा मग. खूण सांगून घेऊन जावा."

वाट काढत पुढे गेले. लहानपणी आबांनी पाढ्यांबरोबर तो नंबर पाठ करून घेतला होता. जत्रेत चुकलीस तर हा सांग, म्हणायचे. मी म्हणायला लागले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी तो उलटा धरला आणि बॅटरीच्या उजेडात माझ्याबरोबर एकेक आकडा वाचत गेले.