बोगद्यांचा खेळ

कोकण रेल्वेने गावी जाताना लेकीच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, हे आमचं पक्कं आहे. बोगदे आहेतच की! अंधार झाला की गप्प, उजेड आला की खच्चून ओरडून आपलं नाव सांगायचं. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. चार वर्षांची पोर एवढा वेळ गप्प कुठली राहायला? मग अंधारातच आपडी-थापडी. समोरच्या आजीसुद्धा हात पुढे करतात, आणि हे मला फार आवडतं.

रत्नागिरी सोडलं की पानवलचा ६४ मीटर उंच पूल, त्यासाठी खिडकी राखायचीच.

खरी कसोटी क्रॉसिंगला, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला थांबतो तेव्हा. मार्ग बहुतेक एकेरी, गाडी ताटकळते. तेव्हा पिशवीतली सुतळी काढते. गजाला गाठी मारायच्या, सोडायच्या, पुन्हा मारायच्या.