थंड इंजिन दिवसातून एकदाच भेटतं

"गाडी उद्यमनगरात आणून देतो," असं आण्णा फोनवर म्हणाले तेव्हा मी नको म्हटलं. माझ्या गॅरेजपर्यंत पोचेल तोवर इंजिन गरम झालेलं असणार, आणि गरम इंजिनात हा आजार दिसत नाही.

"आज रात्री शेडमध्ये लावा. सकाळी कुणीही किल्ली फिरवू नका. मी साडेपाचला येतो."

"एवढ्या थंडीत?"

"थंडीचंच काम हाय, आण्णा."

जानेवारीतला शनिवार होता. आण्णांची गुळाची पेढी शाहूपुरीत, घर ताराबाई पार्कात. गाडी १९८३ सालची मर्सिडीज २३० ई, त्यांच्या थोरल्या भावानं परदेशातून आणलेली. भाऊ गेले, गाडी राहिली. दिवसभरात कधीही किल्ली लावा, पहिल्या सेल्फला चालू. सकाळी मात्र बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारायचा, मग चार गडी बोलावून धक्का द्यायचा. दोन हिवाळ्यांत प्लग बदलून झाले, बॅटरी बदलून झाली, पेट्रोलचा पंपसुद्धा नवा बसला. शेवटी कुणीतरी सल्ला दिला की पेट्रोल फवारणारं हे इंजेक्शनचं झेंगट काढून साधा कार्ब्युरेटर चढवा. आण्णा त्याला म्हणाले, "त्यापरीस इकून टाकतो." त्यांचं ते वाक्य ऐकूनच मी हे काम घेतलं.

पहाटे गंगावेशीवरून गेलो तेव्हा कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहत होत्या. मोबाईलवर १४ अंश. कोल्हापूरच्या हिवाळ्यातली नेहमीची पहाट. युरोपातल्या बर्फात चालू होण्यासाठी बनवलेली गाडी १४ अंशांना अडते, याचा अर्थ तिच्या थंडीच्या सोयीतलं काहीतरी पूर्ण बंद पडलंय, एवढं मनात पक्कं होतं.

सोबत आयटीआय करून आलेला पोरगा होता. बॉनेट उघडल्यावर त्यानं पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "मामा, हिचा चोक कुठाय?"

पद्मिनी, अॅम्बेसेडर चालवलेल्यांना डॅशबोर्डवरची चोकची खुंटी आठवत असेल. थंडीत पेट्रोलचा हलका भागच तेवढा वाफ होतो. उरलेलं मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, गार भिंतींना चिकटून बसतं, आणि ठिणगीपाशी पोचणारं मिश्रण इतकं पातळ असतं की पेटत नाही. म्हणून जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं. चोक हवेची वाट अडवतो, त्यामुळे पेट्रोल जास्त ओढलं जातं. २००० सालाच्या आसपास आलेल्या आपल्या एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो. पाण्यातल्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या घरात. तो वाचून कॉम्प्युटर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो.

आण्णांच्या गाडीत यातलं काहीच नाही. ना खुंटी, ना पेट्रोल मोजणारा कॉम्प्युटर. बॉशची के-जेट्रॉनिक ही पद्धत १९७३ ची. तिचे इंजेक्टर उघडझाप करत नाहीत, इंजिन फिरतंय तोवर सलग पेट्रोल सोडतात. थंडी ओळखायची अक्कल तिनं दोन धातूंच्या पट्ट्यांत ठेवली आहे. एका बाजूला एक धातू, दुसऱ्या बाजूला दुसरा. तापली की वाकते, गार झाली की सरळ. अशी पट्टी या इंजिनावर तीन ठिकाणी आहे आणि तिन्हीकडे काम वेगळं. मला ही रचना फार आवडते. चाळीस वर्षांनंतरही ती डोळ्यांनी बघता येते, हातात घेता येते.

पोराला मी आधी एकच बजावलं: इंजिन चालू होता कामा नये. चुकून पेटलं आणि दोन मिनिटं चाललं तर आजची सकाळ गेली, पुन्हा पूर्ण गार व्हायला रात्र जाणार. ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलची मधली जाड वायर काढून बॉडीला जोडली, म्हणजे अर्थ केली. आता सेल्फ मारला तरी इंजिन नुसतं फिरेल.

मॅनिफोल्डवर एक जादा इंजेक्टर असतो, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह. थंड इंजिनाला सेल्फ मारताना तो काही सेकंद पेट्रोलचा बारीक फवारा मारतो, एवढंच त्याचं आयुष्य. त्याची पिन काढून दोन्ही टोकांत टेस्ट लॅम्प जोडला. आण्णांनी सेल्फ मारला. लॅम्प काळा. मग लॅम्पचं एक टोक पिनमध्ये आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. लॅम्प लख्ख. म्हणजे करंट येतोय, त्याला परत जायची वाट नाही.

ती वाट थर्मो टाइम स्विचमधून जाते. सिलिंडर हेडजवळ पाण्यात बुडवलेला पितळी स्विच. आत तीच दोन धातूंची पट्टी आणि तिच्याभोवती बारीक हीटरची तार. इंजिन गार असेल तर संपर्क जोडलेला असतो. सेल्फ मारला की हीटर पट्टीला तापवतो आणि थोड्या वेळात संपर्क सुटतो, म्हणजे कुणी वेड्यासारखा सेल्फ मारत राहिला तरी प्लग पेट्रोलनं भिजत नाहीत. इंजिन गरम असेल तर तिथलं पाणीच पट्टीला वाकवून ठेवतं. अंगावर ठोकलेलं असतं: ३५ अंश, ८ सेकंद. ३५ च्या वर फवारा नाहीच, आणि ते ८ सेकंद शून्याच्या खाली वीस अंशांना.

टॉर्च मारला तर स्विचच्या आट्यांतून पांढरी कड दिसली. टेफ्लॉन टेप. नळाच्या कामाचा.

गोष्ट लगेच लक्षात आली. दोन वर्षांपूर्वी हेड गॅसकेटचं काम झालं होतं. बसवताना स्विचमधून पाणी झिरपलं असणार, मिस्त्रीनं चांगले पाच-सहा वेढे टेप आणि वर सीलंट लावून बसवला. पाणी बंद झालं. पण या स्विचला निगेटिव्हची वेगळी वायर नसते. इंजिनाला टेकलेलं त्याचं अंगच त्याचा अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट. टेपनं तो इंजिनापासून तोडला होता. काम मन लावून केलेलं होतं, वेढे एकसारखे.

एक जोडवायर घेतली, एक टोक स्विचच्या पितळी अंगाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. लॅम्प पुन्हा पिनच्या दोन टोकांत. "आण्णा, मारा." लॅम्प पेटला. मी मोठ्यानं मोजलं: एक, दोन, तीन... आणि चौथा म्हणायच्या आत विझला. १४ अंशांना एवढाच वेळ हवा. दोन वर्षं अर्थाविना पडून राहिलेली पट्टी पहिल्याच वेळेला बरोबर वागली. माझ्या अंगावर काटा आला, तो थंडीचा नव्हता.

इंजिन गार असल्यानं पाण्याला दाब नव्हता. स्विच काढला, टेप खरवडला, नवा तांब्याचा वायसर घालून बसवला. पट्टी पुन्हा गार व्हायला थोडा वेळ दिला, पिना जागच्या जागी लावल्या, कॉइलची वायर जोडली. दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिन पेटलं. आण्णांचा चेहरा उजळला, आणि चार सेकंदांत इंजिन अडखळत बंद पडलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. ॲक्सिलरेटर दाबून धरला की चालतं, पाय काढला की जातं.

पेट्रोल मिळालं, आता हवा कमी पडत होती. थंड इंजिनात घट्ट ऑइलचा अडथळा मोठा असतो; नेहमीच्या स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ते तग धरत नाही. म्हणून थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेला, वळसा घालून थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्यात दुसरी पट्टी. गार असताना भोक उघडं, आणि वीज आणि इंजिनाची ऊब लागेल तसं ते हळूहळू मिटतं. त्याचा होज चिमटीत दाबला. थंड इंजिनाचा आवाज लगेच खाली यायला हवा होता. काहीच फरक पडला नाही.

तोवर इंजिन कोमट झालं होतं. व्हॉल्व्ह काढून आरपार बघितलं तर भोक बंद. पण ऊब लागल्यावर ते बंदच असायला हवं, तेव्हा यावरून काही ठरत नव्हतं. मी काकींकडं गेलो.

"काकी, फ्रीजरमध्ये अर्ध्या तासासाठी जागा मिळंल काय?"

काकींनी व्हॉल्व्हकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मटारच्या पिशव्या बाजूला सरकवल्या. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवला. अर्ध्या तासानं काढला तरी भोक बंदच. आत चाळीस वर्षांची चिकट राळ. क्लीनरनं तीनदा धुतला, वास जाईपर्यंत उन्हात वाळवला आणि पुन्हा फ्रीजरमध्ये. या वेळी बाहेर काढून उजेडाकडं धरला तर आत बीजेच्या चंद्रासारखी कोर. काकींनी हातात घेऊन बघितली. मग बॅटरीच्या दोन वायरी लावल्या आणि आम्ही चौघं ओट्याभोवती उभे राहून ती कोर मिटताना बघत राहिलो. पाचेक मिनिटं लागली. कुणी बोललं नाही.

रविवारी पहाटे पुन्हा गेलो. तिसरी पट्टी वॉर्म-अप रेग्युलेटरमध्ये. ती थंडीत कंट्रोल प्रेशर, म्हणजे पेट्रोल मोजणाऱ्या भागावरचा दाब, कमी ठेवते आणि मिश्रण जाड करते. गेज लावून ठेवला. आण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन पेटलं, वरच्या स्लोवर स्थिर राहिलं आणि मिनिटागणिक आवाज खाली येत गेला, पायाखालचा जिना उतरावा तसा. गेजचा काटा खालून चढत साडेतीन बारच्या आसपास थांबला. तिथं काही करायला नको होतं. आण्णा आणि काकी त्याच पावली जोतिबाला निघाले.

परतताना पोरगा म्हणाला, "मामा, त्या मिस्त्रीला सांगायचं काय?"

सोमवारी मी स्वतः गेलो. मिस्त्री माझ्याहून वयानं मोठे, हात स्वच्छ. खरवडलेला टेप कागदात नेला होता, तो त्यांच्यासमोर ठेवला आणि अर्थाचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून कोपऱ्यातल्या एका जुन्या जीपपाशी गेले. तिचा टेंपरेचरचा काटा तीन महिने हलत नव्हता, म्हणाले. मीटर बदलून झालं होतं. त्यांनी पाना लावून इंजिनाचं तापमान मीटरला कळवणारा सेंडर सैल केला. आट्यांना पांढरा टेप. त्यांनी नखानं तो सोलून काढला, सेंडर परत आवळला आणि जीप चालू केली. आम्ही दोघं खिडकीतून वाकून मीटरकडं बघत थांबलो. पाच-सहा मिनिटांनी काटा हलला.