तळतळाट लागेल असं वाटत नाही का?

हप्ते थकले म्हणून बँकांनी जप्त केलेली घरं मी लिलावात घेतो. हे कळलं की लोक नफ्याच्या आधी हेच विचारतात: कुणाचा तळतळाट लागेल असं वाटत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

वाटतं. पण माझ्या मते खरी मेख घर घेण्यात नाही, भावात आहे. कर्ज, व्याज आणि वसुलीचा खर्च फिटून वर काही उरलं तर ते मूळ मालकाचं, असं बहुतेक देशांचे कायदे सांगतात. आणि कमी पडलं तर बऱ्याच ठिकाणी बाकीचं कर्ज त्याच्याच डोक्यावर राहतं. म्हणजे बोली जितकी पाडू, तितका घर सुटलेल्या माणसाचाच खिसा कापला जातो. बँकेचं काय जातंय, म्हणणारे हे लक्षातच घेत नाहीत. २००८च्या मंदीनंतर उत्तर कॅलिफोर्नियात काही गुंतवणूकदार एकमेकांना पैसे चारून बोली लावू देत नसत, आणि जाहीर लिलाव उरकला की आपापसात दुसरा लिलाव करून फरक वाटून घेत. त्यांच्यावर खटले झाले, शिक्षाही झाल्या. असा प्रस्ताव घेऊन कुणी जवळ आला की मी त्याच्याशी बोलणंच थांबवतो. घर पडझडीचं असेल, कर थकलेला असेल, तर तेवढे पैसे मी जरूर वजा करतो. मालकाची अगतिकता वजा करत नाही.

आत कुणी राहत असेल तर सामान हलवायचा खर्च आणि पुरेशी मुदत मी बोलीच्या आधीच हिशेबात धरतो. भाडेकरूने तर एकही हप्ता बुडवलेला नसतो! अमेरिकेत त्याला सहसा किमान ९० दिवसांची मुदत कायद्यानेच मिळते. जिथे असा कायदा नाही तिथे ती आपण द्यावी.

ताबा मिळाल्यावर आत शिरणं मात्र मला अजून जड जातं. कपाटात दवाखान्याच्या फायली सापडतात, मुलांच्या गुणपत्रिका सापडतात. कर्ज बुडवणारा उधळ्याच असणार, असं म्हणणाऱ्यांनी त्या फायली एकदा चाळाव्यात. आजारपण, गेलेली नोकरी, मोडलेला संसार, बहुतेकदा यातलंच काहीतरी असतं. कागद आणि फोटो मी बांधून ठेवतो, मालकाला निरोप देतो. काही जण येऊन घेऊन जातात, काही फोनवर वाट्टेल ते बोलतात. मी ऐकून घेतो. त्यांचा राग खोटा नसतो.

एका प्रकारच्या घरावर मात्र मी बोली लावतच नाही. जप्तीच चुकीची आहे, असं म्हणून मालक कोर्टात भांडत असेल तर ते घर मी सोडतो. जप्तीच्या हजारो प्रकरणांत कर्मचाऱ्यांनी कागद न वाचताच प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्याचं २०१० मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं होतं. निकाल लागेपर्यंत ते घर त्याचंच आहे, असं मी धरतो.