तीन इंचांच्या फटीसाठी सहा आठवडे

आधीच सांगून टाकतो, कारण मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. शिडाच्या बोटीत मुख्य शिडाचे स्लग, म्हणजे शीड डोलकाठीला धरून ठेवणारे छोटे तुकडे, डोलकाठीतून निसटत असतील तर ते आत घालायच्या दाराच्या, म्हणजे गेटच्या, वर अडसर (स्टॉपर) घट्ट करून भागत नाही. दोन सीझन मी तेच करत होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो.

बोट 22 फुटी, जुनी, मी तिचा चौथा मालक. मुंबई बंदरात नांगरलेली असते, पावसाळ्यात वर काढतो. शिडाच्या पुढच्या कडेला नायलॉनचे बारा स्लग शिवलेले आहेत, बोटाच्या पेराएवढे. डोलकाठीच्या मागच्या अंगाला उभी खाच असते, तिच्यातून ते वरखाली सरकतात. माझ्या खाचेची फट 6 मिमी आणि स्लगची जाडी 12 मिमी, त्यामुळे आत गेलेला स्लग बाहेर येत नाही. पण तो आत घालायचा कुठून? त्यासाठी बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीच्या, जरा वर, तीन इंच लांबीत खाचेच्या कडा कापून तोंड मोठं केलेलं असतं. त्याला गेट म्हणतात. शीड चढवताना हे फार सोयीचं, पण उतरवताना बाराच्या बारा स्लग त्याच दारातून एकेक करून बाहेर पडतात आणि शीड डेकवर, नाहीतर पाण्यात.

म्हणून सगळे स्टॉपर लावतात. खाचेत बसणारा छोटा तुकडा, फिरकीच्या स्क्रूने आवळायचा. शीड खाली आलं की स्लग त्याच्यावर एकावर एक बसतात. बंदरात उभं राहून बघायला छान दिसतं.

रीफ करायची वेळ आली की खरी गंमत. वारा वाढला म्हणून शीड लहान करायचं, तर शिडाच्या पुढच्या कडेतली रीफची कडी खाली ओढून गूजनेकच्या, म्हणजे बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्याच्या, हुकात अडकवावी लागते. पण कडीच्या खालचे स्लग स्टॉपरवर थटून बसलेले असतात, त्यामुळे कडी हुकाच्या दीड-दोन वीत वरच अडते. मग स्टॉपर काढावा लागतो आणि दार उघडंच.

मार्चमधल्या एका दुपारी मांडव्याहून परतताना हेच झालं. त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, हे ठाऊक असूनही आम्ही जेवणात वेळ घालवला. भाचा टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर), मी डोलकाठीशी. स्टॉपर काढला, कडी ओढली, तीन स्लग टपटप बाहेर. चौथा पुढच्या झोताने खेचला. शिडाचा खालचा भाग डोलकाठी सोडून पोटासारखा फुगला आणि फडफडायला लागला. "मामा, फाटतंय!" भाचा ओरडला. समोर जहाजांचा मार्ग. सगळं शीड उतरवलं, अर्धं पाण्यात गेलं, आउटबोर्ड इंजिन लावून घरी आलो. आमची बोट सांभाळणाऱ्या कोळीकाकांनी ओलं शीड बघून एवढंच विचारलं की, एवढी महाग बोट आणि शीड धरायला कडी नाही होय? त्यांच्या जुन्या होडीचं शीड परबाणाला, म्हणजे डोलकाठीवर चढवायच्या तिरप्या काठीला, बांधलेलं असायचं. खाच नाही, स्लग नाही, गेट नाही.

यावर उपाय म्हणजे गेटच झाकायचं. दोन्ही बाजूंना एकेक पट्टी बसवून मधली फट खाचेइतकीच ठेवायची, म्हणजे स्लग गेटवरून सरळ खाली जातात. स्टॉपर लागतोच, पण गेटच्या खाली, खाचेच्या तळाशी. तयार पट्ट्या परदेशात मिळतात, पण पाठवणावळ पट्ट्यांपेक्षा जास्त पडत होती. म्हटलं, दोन पत्र्याच्या पट्ट्या आहेत, इथेच करून घेऊ.

इथून सहा आठवडे.

मशीद बंदरच्या बाजूला एका गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये गेलो. कागदावर चित्र, मापं, सगळं दिलं. "कल शाम को ले जाओ." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्ट्या नव्हत्याच, चित्रही नव्हतं. पुन्हा काढून दिलं. चार दिवसांनी मिळाल्या. बोटीवर जाऊन धरून बघितल्या तर मधली फट 4 मिमी. स्लग शिडाला जोडणारी नायलॉनची पट्टीच अडकली, स्लग पुढे सरकायचं नाव घेईना. मिस्त्री म्हणाले, दो एम एम में क्या फरक पडता है. दोन मिलिमीटरचा फरक मला तिसऱ्या खेपेच्या टॅक्सीच्या मीटरवर नीट समजला.

दुसरा प्रयत्न. फट बरोबर, पण पट्ट्या सपाट. डोलकाठीची पाठ गोलसर असते, हे मला चित्रात दाखवायला सुचलं नव्हतं. ही चूक माझी, कबूल. पट्टी एका कडेवर टेकून डुगडुगत होती. वर आतल्या कडा कातरलेल्या पत्र्यासारख्या, बोट फिरवलं तर कापेल. स्लग शिडाला जोडणारी नायलॉनची पट्टी अशा कडेवर चार दिवसांत तुटली असती. परत गेलो तर वर्कशॉप बंद, मालक गावी, "अगले हफ्ते". तो हफ्ता अडीच आठवड्यांचा निघाला. सीझन मेअखेर संपतो आणि मी एप्रिलमध्ये दर शनिवारी बंद शटर बघून परत येत होतो.

शेवटी डोकं चाललं. कार्डबोर्ड ओला करून डोलकाठीवर दाबला, वाळवला, त्या वळणाचा साचा घेतला, आणि सोबत एक जुना स्लग नेला. मिस्त्रींच्या हातात स्लग ठेवला आणि म्हटलं, हा यातून न अडकता खाली सरकला पाहिजे, बाकी काही बघू नका. अर्ध्या तासात, माझ्यासमोर, 2 मिमी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून, वरच्या-खालच्या टोकांना उतार देऊन, कडा कानशीने गोल करून दिल्या. म्हणजे येत होतं त्यांना. कागद कुणी वाचतच नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा कागदाआधी स्लग घेऊन जा.

बसवणं दीड तासाचं काम. प्रत्येक पट्टीला दोन, असे एम 4 चे (4 मिमी जाडीचे) चार स्टेनलेस स्क्रू, चपट्या डोक्याचे, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले. 3.3 मिमीचं ड्रिल मारून आटे पाडले. आधी पट्ट्या चिकटपट्टीने लावून स्लग हाताने वीसेक वेळा वरखाली करून बघा, मगच भोक पाडा. स्क्रूची टोकं आत डोकावता कामा नयेत. डोलकाठीच्या आतून हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायची दोरी, जात असेल तर ती घासून तुटेल. मी दोन स्क्रू परत काढून कापले. आणि स्टेनलेस व ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना धरलं की सुटत नाहीत, म्हणून आट्यांना लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) लावलं. खाचेत मात्र ग्रीस नको, धूळ आणि मीठ धरतं. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे पुरतो.

हो, आणि तुमचे स्लग शिडाला पट्टीऐवजी जुन्या प्लास्टिकच्या कड्यांनी जोडलेले असतील तर त्या आधीच बदला. उन्हाने त्या ठिसूळ होतात, आणि पट्टीशी थटल्यावर पहिली तीच तुटते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात करंजाच्या बाजूला रीफ केली. भाच्याला सांगितलंही नाही. कडी सरळ हुकात.

पावसाळ्याला शीड काढायचं तर उजवी पट्टी उघडायला लागते. स्क्रू काढताना खाली कापड धरा. माझ्या चारातला एक पाण्यात गेला आहे आणि त्याच्यासाठी मला परत नागदेवीला जायचं आहे.