रोजच्या हायलक्सला एटी टायर: नक्षी सगळ्यात शेवटी

गाडी: टोयोटा हायलक्स, ४x४ मॅन्युअल, १७ इंची रिम. मूळ साइज २६५/६५ आर१७ (रुंदी २६५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच, रिम १७ इंच). वापर: आठवडाभर पुणे-चाकण, म्हणजे ट्रॅफिक, काँक्रीट आणि पावसाळ्यात खड्डे. सुट्टीला मावळ-मुळशीच्या मुरमाच्या वाटा, कधी घाटाखाली कोकणातली लाल माती, क्वचित सोलापूरच्या बाजूची काळी. हौदा बहुतेक वेळ रिकामा. या नोंदी एटी (ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्चं दोन्हीसाठीच्या) टायरच्या, निवडीपासून पहिल्या रोटेशनपर्यंतच्या, म्हणजे टायरांच्या जागा आपसांत बदलेपर्यंतच्या.

टायर घेताना बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. मग साइज विचारतात, आणि साइडवॉलवरचे आकडे बिल फाडल्यावर वाचतात. इथे क्रम उलटा ठेवला: आधी साइज, मग टायरचा बांधा, शेवटी नक्षी. रोज चालणाऱ्या गाडीत पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर कितीही भारी नक्षी उपयोगाची नाही.

साइज

२६५/६५ आर१७ चा व्यास ७७६ मिमी. फॉर्च्युनरच्या ४x२ लाही हीच साइज येते, त्यामुळे साताऱ्यात किंवा रत्नागिरीत टायर फाटला तरी दुकानात काहीतरी सापडतं. सगळ्यांना मोह होतो तो २६५/७० चा. त्याचा व्यास ८०३ मिमी, म्हणजे २६.५ मिमी जास्त. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, जेमतेम १३ मिमी. त्या १३ मिमीसाठी काय मोजायचं ते बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून सस्पेन्शन दबलं की पुढचं मडफ्लॅप किंवा लायनर घासू शकतं. स्टेपनी हौद्याखाली बसते का, ते आधी तपासावं लागतं. गिअरिंग ३.४ टक्क्यांनी लांबतं आणि ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला ते जाणवतं.

मायलेजचा हिशोबही फसवा होतो. मोठ्या टायरवर ओडोमीटर अंतर कमी मोजतो. १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी १०३.४ किमी गेलेली असते, म्हणून ओडोमीटरच्या आकड्याला १.०३४ ने गुणल्याशिवाय जुन्या मायलेजशी तुलना करू नका. ‘एटी टाकले आणि ॲव्हरेज पडलं’ या तक्रारींतला काही भाग नुसत्या गणिताचा असतो.

कायद्याचंही एक कलम आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्याला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीला ते बरोबर आठवतं. इथे मूळ साइजच ठेवली.

बांधा: एसएल की एलटी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एकाच साइजचा एकाच नावाचा टायर दोन बांध्यांत मिळू शकतो. साध्या बांध्यावर (एसएल, म्हणजे स्टँडर्ड लोड) ११२ असा लोड इंडेक्स असतो, म्हणजे एका टायरवर कमाल ११२० किलो. साइजच्या आधी ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेल्यावर १२०/११७ असतो. एकेरी चाकासाठी त्यातला पहिला आकडा बघायचा: १४०० किलो.

१४०० मोठा म्हणून एलटी चांगला, हा निष्कर्ष घाईचा आहे. ते १४०० किलो ८० पीएसआय हवेवरचे आहेत. ३५ पीएसआयला एलटी टायर साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. म्हणून एलटी बसवून दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच हवा भरली तर टायर प्रत्यक्षात कमी हवेवर धावतो. साइडवॉल जास्त वाकतो, हायवेवर तापतो आणि दोन्ही खांदे लवकर झिजतात. एलटीला किती हवा लागेल ते त्या टायरच्या लोड-प्रेशर तक्त्यातून काढायचं. ढोबळमानाने स्टिकरपेक्षा ५ ते ८ पीएसआय जास्त निघतात.

आता साधा टायर पिकअपला पुरतो का? पिकअपवर साधा टायर लावताना त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची पद्धत आहे. ११२० भागिले १.१ म्हणजे १०१८ किलो, मागच्या दोन चाकांवर मिळून दोन टनांच्या वर. भरलेली हायलक्स सगळी मिळून तीन टनांच्या आत असते. म्हणजे वजनासाठी एलटीची गरज नाही.

एलटीची खरी किंमत वसूल होते ती दगडात. सह्याद्रीचा बेसाल्ट फुटला की धारदार कडा येते, आणि साइडवॉलला लागलेला काप दुरुस्त होत नाही. ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, खिळ्याला स्ट्रिप चालते, साइडवॉलला नाही. दर शनिवारी खडकाळ वाटेने चढणाऱ्यांनी एलटीच घ्यावा. आठवडाभर खड्ड्यांत आदळणाऱ्या गाडीला मात्र तोच बांधा शिक्षा ठरतो. चाकामागे तीन-चार किलो वजन वाढतं आणि रिकाम्या हौद्याखालचे पाटे आधीच कडक, त्यात साइडवॉलही कडक. मागची बाजू उडते, आणि उडणारं चाक ओल्या रस्त्यावर ब्रेक धरत नाही.

निर्णय: साधा बांधा. यादीतून बीएफगुडरिच केओ२ इथेच गळला, कारण या साइजमध्ये तो एलटीच येतो. शिवाय जून २०२० पासून टायरची आयात ‘निर्बंधित’ यादीत आहे, त्यामुळे परदेशातून येणारा एक टायर फाटला तर तसाच दुसरा कधी मिळेल याची खात्री नाही. अपोलो ॲप्टेरा एटी२ शेवटपर्यंत शर्यतीत होता. बसवला योकोहामा जिओलँडर जी०१५, ११२एच (एच हा वेगाचा कोड).

नक्षी

एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचा टायर) का नाही, याचं उत्तर पावसात आहे. एमटीचे ठोकळे मोठे, मधली जागा मोकळी आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी. चिखलात हे सगळं गुण ठरतं. ओल्या, गुळगुळीत झालेल्या काँक्रीटवर मात्र पाण्याचा पातळ थर कापायला त्या बारीक चिराच लागतात. घाटातल्या शेवाळलेल्या वळणावर रिकामी पिकअप आणि एमटी ही जोडी नको.

काळ्या मातीबद्दल भ्रम नको. ओली काळी माती एटीच्या खाचांत पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बसते आणि चारही चाकं गुळगुळीत होतात. एमटी ती फेकतो, पण चाक जोरात फिरलं तरच. वर्षातून दोनदा काळ्यात जाणाऱ्याने पाऊस उघडून वाफसा येईपर्यंत थांबावं. एमटीपेक्षा ते स्वस्त पडतं. मुरूम आणि लाल मातीत एटी मजेत चालतो.

दुकानात

आयएसआय खूण बघा. साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नाकारला. टायर पाच घेतले, चार नाही. हायलक्सचं ४x४ पार्ट-टाइम आहे. ४एच (फोर-व्हील हाय) मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे प्रॉपशाफ्ट एकमेकांना बांधले जातात. व्यासात फरक असेल, अगदी एकीकडे नवा आणि एकीकडे गोटा झालेला टायर असेल, तरी ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण साठतो आणि गाडी ४एच मधून सुटता सुटत नाही. स्टेपनी वेगळ्या नक्षीची ठेवून वाचवलेले पैसे तिथे जातात.

वाल्व्ह नवे घातले. नट हाताने बसवून, आडव्या-उभ्या क्रमाने टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले आणि १०० किमीनंतर पुन्हा तपासले. एअर गनने ठोकून दिलेले नट स्टेपनी बदलताना रस्त्यात सुटत नाहीत. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकलेला असेल तर एटीचे ठोकळे एका बाजूने धारदार होतात. हात फिरवला की एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागतं.

हवा

रोजची हवा स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड टायरवर, स्वतःच्या गेजने. ती बरोबर आहे का, याची परीक्षा सोपी आहे. हायवेवर तासभर चालवून लगेच मोजा. पिकअपला ४ ते ६ पीएसआय वाढ अपेक्षित. ६ च्या वर गेली तर थंड हवा कमी होती, ४ सुद्धा वाढली नाही तर जास्त. दुसरी परीक्षा खडूची: ट्रेडवर आडवी रेघ मारा आणि शंभर मीटर सरळ जा. रेघ फक्त मधून पुसली तर हवा जास्त, फक्त कडांनी पुसली तर कमी. हौदा भरला की मागे वाढवायची, उतरवला की आठवणीने कमी करायची. यातलं दुसरं काम कोणी करत नाही आणि मागचे टायर मधोमध झिजतात.

कच्च्यावर: मुरूम-खडीला २६, चिखलाला २०, नदीपात्रातल्या वाळूला १६. हवा कमी केली की ठसा लांबतो आणि पकड त्यातूनच येते. २० च्या खाली वेग ३० च्या आत ठेवा आणि झटक्यात वळू नका. त्यात हवा १५ च्याही खाली गेली तर बीड (टायरची रिमला धरून बसणारी कडा) रिमवरून निसटू शकते. धारदार दगडात फार हवा सोडू नका, पोट बाहेर आलेला साइडवॉल आधी कापला जातो.

डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्या. या मापाचे चार टायर भरताना लायटर सॉकेटचा फ्यूज उडू शकतो.

पहिल्या पावसानंतर

नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, पहिले ३०० किमी पावसात जपून चालवा. ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर बॅलन्सिंगला पळण्याआधी रिमच्या आतली बाजू धुवा. तिथे वाळलेला चिखल बॅलन्सिंगच्या वजनांचं काम बिघडवतो. खाचांतले खडे दर आठवड्याला स्क्रू-ड्रायव्हरने काढा, ते हळूहळू रबर भोकसत खाली जातात.

झीज गेजने तीन खाचांत मोजायची: आत, मध्ये, बाहेर. नवा टायर १० मिमीच्या आसपास, कायद्याची मर्यादा १.६ मिमी. पावसासाठी ४ मिमीला बदल धरलाय, म्हणजे वापरायला हातात सुमारे ६ मिमी.

रोटेशन दर ८००० किमीला, स्टेपनी धरून पाचही. मागचे दोन सरळ पुढे, त्याच बाजूला. पुढचा डावा मागे उजवीकडे, पुढचा उजवा स्टेपनीला, स्टेपनी मागे डावीकडे. पहिलं रोटेशन झालं. पुढच्या नोंदीत पाचही टायरची तीन-तीन मापं आणि रोटेशननंतर आवाजात पडलेला फरक.