घाट नव्हं, नाळ

मोहरी गावच्या पठारावरून लिंगाणा किल्ल्याकडे निघालो होतो. वाटाड्या मामांना सहज विचारलं, "मामा, हा घाट उतरायला किती वेळ लागतो?"

मामा थांबले. "घाट नव्हं, नाळ हाय ही. बोराट्याची नाळ."

मला वाटलं, गावरान शब्द असेल, अर्थ तोच. पण मामा पुढे म्हणाले, "घाटानं बैल जातो. नाळंनं पाणी जातं. आपण आपलं त्याच्या मागनं."

पुढचा तास-दीड तास ही व्याख्या पायांनी पाठ केली. दोन्ही बाजूंना कडे आणि मधल्या चिंचोळ्या उतारावर पावसाळी ओढ्याने आणून टाकलेले धोंडे. त्यातला एक चक्क माझ्या स्वयंपाकघराएवढा. कुठला हलतो, कुठला नाही, ते पाय ठेवल्यावरच कळायचं. मग नाणेघाट आठवला. तिथली फरसबंदी, तो जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. नाळेत जकात नाका थाटला असता तर नाकेदार उपाशी मेला असता!

आणि भूगोलाच्या पुस्तकाने काय केलं, तर तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सोळाशे किलोमीटरच्या अख्ख्या डोंगररांगेलाच 'पश्चिम घाट' म्हटलं. म्हणजे जिन्यालाच वाडा म्हणण्यातली गत. आपला सह्याद्री काय वाईट होता?

खिंडीचं पुन्हा वेगळंच. दोन डोंगरांमधली ती फट, इकडून शिरायचं नि तिकडे निघायचं. बागलाणात तिलाच बारी म्हणतात, सेलबारी, डोलबारी. कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचं नावसुद्धा बारीच. पण मला सगळ्यांत आवडतो तो पदर. कड्याच्या निम्म्यावर झाडीची सपाट पट्टी असते ना, तो. आणि राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, ते नेढं. सुईचं असतं तेच. डोंगराला ही नावं देणारी कुणीतरी बाईच असणार, असं मला उगाचच वाटतं.

खाली पोचल्यावर मामांनी बिडी पेटवली. "पुण्यात कंचा डोंगर चढता?"

"पर्वती," मी म्हणालो. "एकशे तीन पायऱ्या."

"बांधीव?"

"हो."

"मंग त्यो घाटच की!"